दुखते सोडून सांगा

त्यांच्या दवाखान्यात एका शब्दाला बंदी होती. चपला बाहेर काढा अशी पाटी नव्हती, फीची पाटी नव्हती. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा एक पट्टा होता आणि त्यावर खडूने एकच ओळ लिहिलेली होती : 'दुखते सोडून सांगा.' अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला आलेल्या माणसाने 'दुखते' म्हणायचं नाही, हे ऐकून नवा माणूस हसायचा. मग पहिली सुई आत जायची आणि त्याचं हसू थांबायचं. दुखण्यामुळे नव्हे, शब्द सापडेनासा झाल्यामुळे.

देवरीत, महामार्ग सोडून थोडं आत गेलं की त्यांचं घर लागायचं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत ते. लोक त्यांना सुईकाका म्हणत. पाठीमागे 'टोच्या' असंही म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. आता ते तिथे नाहीत. दवाखाना बंद करून रायपूरला मुलीकडे गेले. म्हणून लिहिता येतं आहे.

हे मी आदराने लिहीत नाही, ते आधीच सांगते. माझ्या नवऱ्याची काही वाक्यं त्या माणसाकडे राहिली होती आणि मला ती हवी होती. माणूस गेल्यावर त्याचा चष्मा, घड्याळ, छत्री, सगळं घरी येतं. वाक्यं मात्र ज्याच्यापाशी बोलली त्याच्यापाशीच राहतात.

माझा नवरा पाटबंधारे खात्यात होता. नोकरीभर कालव्यांच्या काठाने चालला. निवृत्तीनंतर कमरेपासून घोट्यापर्यंत एक कळ त्याच्या उजव्या पायात उतरली आणि तिथेच राहिली. झोप तर आधीच गेली होती. धानाला पाणी सुटायचं त्या दिवसांत रात्र रात्र जागायची सवय; पुढे पाण्याची जबाबदारी संपली तरी जाग संपली नाही. मी शाळेत मराठी शिकवत होते. घरात पुस्तकं माझी, शब्द माझे. त्याच्याकडे तीन शब्द होते : 'हाव', 'नाई' आणि 'बरं आहे'.

"पाय कसा आहे?"

"बरं आहे."

"गोळीने उतार पडला का?"

"हाव."

"मग लंगडतोस कशाला?"

यावर तो अंगणात जायचा.

गोंदियाच्या हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला, पट्टा दिला. मग कुणीतरी सुईकाकांचं नाव काढलं. आमच्या नवेगाव बांधहून कोहमारा, तिथे गाडी बदलून देवरी. पहिल्या मंगळवारी मीही बरोबर गेले.

काका अंगाने आडवे होते, हात पैलवानासारखे. एवढ्या जाड बोटांत केसाएवढी सुई कशी राहते असं वाटायचं. नव्या माणसाला ते आधी उभं करून एक भाषण देत, आणि ते भाषण ऐकल्याशिवाय कुणालाही आडवं होऊ देत नसत.

"उपाशी आले का? उपाशी असन तर आधी काही खा. लय जेवून आले असन तर बसा जरा. सुई नवी आहे, तुमच्यासमोर पाकीट फोडतो. वापरली का डब्यात, मंग कोनाले नाही. रक्त आलं तर थेंबभर येते. निळं पडलं तर पडलं, जाते. गरगर वाटलं तर लाज धरू नका, सांगा. एका दिवसात चमत्कार पाह्यजे असन तर देवळात जा, इथं चार-सहा वेळा या, मंग पाहू. अन छातीत कळ आली, हाड मोडलं, ताप चढला, तर माझ्याकडं येऊ नका, मोठ्या दवाखान्यात जा. समजलं? जीभ दाखवा."

जीभ ते सगळ्यांचीच बघत. लग्नाच्या मांडवात बघत, बाजारात भाजीवालीची बघत. त्या दिवशी नवऱ्याची बघून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"बाई, तुमची."

"मी पेशंट नाही."

"जीभ तर आहे न?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाला जीभ दाखवली नव्हती. का दाखवली, मलाही कळलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"कडेला दाताचे छापे आहेत. ही जीभ दातामागं दाबून ठेवता तुमी."

नवरा हसला. मोठ्याने. मला आठवतं, कारण तो कधी हसला ते मी लक्षात ठेवत असे, एवढं ते दुर्मीळ होतं.

पहिली सुई त्याच्या गुडघ्यामागे गेली. मी पडद्याबाहेरच्या बाकावर बसले होते. आतून काकांचा आवाज आला, "आलं का?"

सुई टोचल्यावर जे यायला हवं ते, असं त्यांना म्हणायचं असे. टोचल्याची चुणूक वेगळी, ती क्षणाची. त्यानंतर आत खोल काहीतरी येतं : कुणाला जडपणा, कुणाला मुंग्या, कुणाला ओढ. ते आलं नाही तर ते सुई किंचित फिरवून पुन्हा विचारत. आणि आलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "कसं?"

"दुख..." नवरा म्हणाला.

"तो शब्द चालत नाही. दुसरा सांगा."

"करंट..."

"करंट सगळे सांगतात. गोंदियाचा शेठ पन करंट, इथला कंडक्टर पन करंट. तुमचं सांगा जी. मले घाई नाही."

मला आत जाऊन त्याला सोडवावंसं वाटलं. त्याला शब्द पुरवायची मला सवय होती. लग्नाकार्यात, बँकेत, पाहुण्यांत मीच बोलायचे. आणि मग पडद्यामागून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, सावकाश, जणू कालव्याच्या काठाने चालत येत असल्यासारखा.

"कोरड्या पाटात पहिलं पानी सोडतात न, तवा पानी नाही दिसत आधी. आधी काडीकचरा हालते. कचरा पुढं, पानी मागं. तसं सरकून राहिलं पायात. घोट्यापर्यंत आलं पाहा आता."

"वा!" काका म्हणाले. "वा रे कालवेभाऊ!"

मी हातातलं पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला असं एकही वाक्य दिलं नव्हतं.

वेळ मोजायची त्यांची रीतही त्यांचीच होती. भिंतीवरचं घड्याळ तोंड भिंतीकडे करून टांगलेलं होतं. पेशंटने घड्याळ पाहिलं की अंग आखडतं म्हणे. तीन बाकं होती. तिघांना सुया लागल्या की काका मागे जाऊन गॅसवर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, चढवत. भात शिजेपर्यंत सुया राहत. मग मागून हाक येई, "भात झाला जी!" आणि ते येऊन एकेक सुई काढत. नंतर प्रत्येकाला बशीत मूठभर गरम भात, वर मीठ. खाल्ल्याशिवाय उठू देत नसत. एकदम उठलं तर गरगरतं, हे कारण. पण मला वाटतं, त्यांना एकट्याने जेवायचा कंटाळा होता.

यातून भांडणंही होत. नवा तांदूळ लवकर शिजतो, जुना वेळ घेतो. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की लोक कुरकुरायचे. गोंदियाचे एक शेठ तर एकदा चिडलेच. "काका, पिछली बार कितना देर रखा था! आज तो लगाया और निकाला!"

"नया चावल है, मैं क्या करू? तुमच्याच मिलमधला आहे."

पुढच्या खेपेला शेठ जुन्या तांदळाची पिशवी घेऊन आले. काकांनी ती वास घेऊन ठेवून घेतली आणि म्हणाले, "आता आला हिसाब बराबर."

आमचा थोडा धान होता. शेताच्या एका बांधीत चिन्नोर हा वासाचा तांदूळ आम्ही घरापुरता लावायचो. शिजताना गल्लीभर वास. शेजारच्या कुणी मागितला तर नवरा सरळ सांगायचा, "नाई जी, घरचं आहे." 'घरचं आहे' म्हटलं की विषय संपला. ती वस्तू उंबऱ्याबाहेर जात नसे. आणि एका मंगळवारी मी पाहिलं तर हा माणूस मी निवडून ठेवलेला चिन्नोर पिशवीत भरतो आहे.

"कुणाला?"

"काकाले."

"घरचा आहे ना तो?"

तो थांबला. विचार केला. "हाव," म्हणाला आणि पिशवीला गाठ मारली.

मी बरोबर जाणं सोडलं. शाळा होतीच. मंगळवारी तो एकटा जायचा आणि संध्याकाळी गुणगुणत यायचा. जेवायचा नाही, भात खाऊन आलेला असायचा. पाय सुधारला, हे खरं. पूर्ण नाही, पण लंगडणं कमी झालं. ते मला आनंदाचं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण एकदा शाळेला सुट्टी म्हणून गेले, तेव्हा पडद्याबाहेर बसल्या बसल्या मला घोरणं ऐकू आलं. मी ते ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलं घोरणं होतं ते, भरदार, निर्धास्त. माझ्या घरात जी झोप येईना ती इथे, एका फळीच्या बाकावर, परक्या माणसाच्या भाताच्या वासात आली होती. झोप गेल्यापासून मी त्याच्यासाठी काय काय केलं नव्हतं? रात्री चहा बंद केला. पाय चोळून दिले. रात्री अंथरुणावर वाचायची माझी लहानपणापासूनची सवय, तीही सोडली. दिवा डोळ्यांवर नको म्हणून लवकर मालवून अंधारात पडून राहायचे. तो तिकडे जागा, मी इकडे जागी.

दुसऱ्या एखाद्या बाईवर जळणं सोपं असावं. तिला निदान नाव ठेवता येतं. मी एका सत्तरीच्या माणसाच्या बाकावर जळत होते.

त्यांचं हसू व्हावं असं मला वाटायचं, आणि ते झालंही एकदा. करोनाची लस टोचत होते तेव्हा देवरीच्या रांगेत आम्हीही होतो. सुईकाका खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. नर्सबाईंनी दंड धरला तसे उठून उभे राहिले.

"थांबा जी, थांबा जरा."

"काका, तुमी तर लोकांले टोचता न!"

"मी टोचतो. मले कोन टोचत नाही."

शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांचा हात धरला. सुई आत गेली तसा नवरा खाली वाकून गंभीरपणे म्हणाला, "आलं का?" सगळी रांग हसली. काकाही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला धरून सगळे. पण घरी परतताना माझ्या मनात एवढंच राहिलं, की त्याने हात धरला आणि विनोदही केला. दोन्ही एकाच वेळी.

वाक्यं मला दुसऱ्यांकडून कळू लागली. कोहमाऱ्याला गाडीची वाट बघत असताना जंगलपट्टीतली एक बाई शेजारी बसली होती, मोहफुलं वेचणारी. खांद्याला हात लावून म्हणाली, "सुया घेतल्या मी देवरीले. लय आराम आहे." मग आपणहून सांगू लागली, "तिथं एक भाऊ येते म्हने, कालव्याचे. ते म्हनते, आधी कचरा हालते, मंग पानी येते. काका सगळ्याइले सांगते ते. मी म्हटलं, माझं तसं नाही बा. माझं सकारी मोह पडते न, टप, मंग दम खाते, मंग टप. तसं." ती हसली. "काकाले आवडलं."

"ते भाऊ माझे..." मी म्हटलं, आणि गाडी आली.

म्हणजे काका ती वाक्यं वाटत होते. बशीतल्या भातासारखी.

नवरा गेल्या उन्हाळ्यात गेला. सकाळी, अंगणात, चहा हातात असताना. छातीतली कळ, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. तेरवीला सुईकाका आले. मांडवात बसले. लोक जे बोलतात ते बोलून झाल्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं, काका, तुम्ही सांगा काही. त्यांनी कोरड्या पाटाचं वाक्य सांगितलं. काहीच जोडलं नाही, नुसतं वाक्य. पाटबंधारे खात्यातले म्हातारे रडले. माझे दीर रडले. मी रडले नाही. मी, वर्गात दुसऱ्यांच्या कविता समजावून सांगण्यात नोकरी घालवलेली बाई, त्या मांडवात एक वाक्य बोलू शकले नव्हते; आणि जे बोललं गेलं ते माझ्या घरातलं होतं आणि दुसऱ्याच्या तोंडातून आलं होतं.

पावसाळ्यात माझा खांदा धरला. वेणी घालायला हात मागे जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो मी करत होते. देवरीला गेले ते खांद्याचं निमित्त करून. खरं तर वसुलीला गेले होते.

काकांनी मला भाषण दिलं नाही. "बसा बाई," म्हणाले. "जीभ नको. पाह्यली आहे."

"मला त्यांची वाक्यं हवी आहेत," मी सरळ म्हटलं. "सगळी. तो जे जे बोलला ते सांगा, मी लिहून घेते."

"सगळी नाही आठवत मले."

"आठवतात ती."

त्यांनी हाताची घडी घातली. "असं सुटं नाही देता येत जी. ते बोलले ते सुई आत असताना. ज्या जागेचं त्या जागेवर. तुमाले नुसतं सांगितलं तर ते काय राहीन? शब्द राहीन."

"मला शब्दच हवे आहेत."

"तुमच्याकडं शब्द लय आहेत, बाई."

मी उठणार होते. तिथून उठून घरी येऊन मी त्यांच्यावर आणखी कडू काहीतरी लिहिलं असतं. पण ते पाकीट फोडू लागले. "तुमचा खांदा आहे, त्यांचा पाय होता. जागा जुळत नाहीत. एकच जुळते. झोपेसाठी त्यांच्या हातात लावत होतो, ती तुमच्या खांद्यालेही चालते. पडा."

मी त्याच बाकावर आडवी झाले. खांद्याला दोन सुया गेल्या. चुणूक, मग काही नाही, मग हळूहळू एक ओढ. "आलं का?" "आलं." कसं, ते त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी माझा हात घेतला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात चाचपलं, आणि सुई टोचली.

"आलं का?"

"नाही."

त्यांनी ती किंचित फिरवली. आणि आलं. हात जड झाला, मनगटापासून वर, ओलं पोतं अंगावर ठेवावं तसा. पण सुखाचा जड.

"आलं," मी म्हटलं.

"इथं ते म्हनाले..." काका थांबले. चष्मा कपाळावर चढवला, मग परत खाली घेतला. आणि नवऱ्याच्याच सावकाश चालीत म्हणाले, "'बाई आधी रातीले बाजूले वाचत बसे. दिवा लावून. पान पलटल्याचा आवाज ये. एक पान, मंग थोड्या वेळानं दुसरं. मंग आंग जड होत होत जाये अन कधी डोळा लागे ते समजत नसे. तसं आहे हे.'"

बाजूच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मागच्या खोलीत अजून काही चढवलेलं नव्हतं.

"हे तुम्ही किती जणांना सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज मास्तरणीचा निघाला.

"कोनालेच नाही."

"का? ते पाटाचं तर गावभर केलंत."

"त्यांनी मना केली. म्हनाले, हे नका सांगू जी कोनाले. घरचं आहे."

मी छताकडे बघत राहिले. सुई असताना हात हलवायचा नसतो, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. त्यांनी ते पाहिलं असणार. ते सगळ्यांचं सगळं बघत. पण तो त्यांचा दवाखाना होता आणि नियम तो नियम. त्यांनी विचारलंच.

"कसं?"

समोर भिंतीवर हिरव्या पट्ट्यात ती ओळ होती. मी ती वाचली. पुन्हा वाचली.

"दुखतं," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा शब्द मागितला नाही. मग मागे गेले, डब्यांची झाकणं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, आणि चिन्नोरचा नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी तांदळाचा वास हळूहळू खोलीत भरू लागला. शेठच्या पिशवीतला, सगळ्यात जुना, त्यांनी काढला असावा. त्या दिवशी भात व्हायला फार वेळ लागला.